अणीमाण्डव्य

माण्डव्य ऋषींच्या आश्रमात चोरांनी माल लपविला. ऋषी मौनात. शिपायांनी विचारले, उत्तर नाही. झडतीत माल सापडला. मग काय, चढवा सुळावर! बरे, राजा काही दुष्ट नव्हता हो. जेथे माल तेथे चोर, एवढे अनुमान त्याला पुरले. नैयायिक यास हेत्वाभास म्हणतात. पुढे चूक कळली, राजाने क्षमा मागितली. पण सूळ निघेना, कापावा लागला, अणी देहातच राहिली.

ही पुराणातली गोष्ट म्हणून सोडू नये. २००३ साली महाराष्ट्रात एका दरोड्यात खून पडले. भटक्या जमातीचे सहा जण धरले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी योग्य ठरविली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. साक्षीदार बाईंनी पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून आधी दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांची चौकशीच झाली नाही. भटका म्हटला की चोर, हे लोकांच्या मनात आधीच ठरलेले! सोळा वर्षे गेली, भरपाई पाच-पाच लाख.

पाठशाळेत पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून आम्हांस सिद्धान्त बोलू देत नसत. तपास करणाऱ्यानेही आपल्या तर्काविरुद्धचा प्रत्येक कागद न्यायाधीशापुढे ठेवावा. न ठेवल्यास न्यायाधीशाने मागून घ्यावा. आणि आरोपी मौनी असो की अडाणी, त्याचा पूर्वपक्ष मांडणारा वकील पहिल्या दिवसापासून त्याच्याजवळ हवा.