पडद्यावरचा खून आणि पाहणाऱ्याचा वाटा

मनोविकृत खुन्याची गोष्ट सांगणारा, थोडक्या पैशांत काढलेला चित्रपट पाहून माणसं काय बोलतात, ते नीट ऐकण्यासारखं असतं. चिंचवडच्या मल्टिप्लेक्समधून शुक्रवारी रात्री बाहेर पडणारी जोडपी असोत, की चाकणच्या एखाद्या खोलीत सेकंड शिफ्ट सुटल्यावर एकाच मोबाइलवर डोकी जुळवून बसलेली कंत्राटी पोरं असोत, बोलणं साधारण सारखंच निघतं. रक्त खोटं वाटलं. खून मोजकेच होते. तिसरा मात्र भारी मारलाय. तो असा का झाला, ते काही पटलं नाही. शेवट आधीच कळला. समीक्षक या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत आणि धर्माचा विचार करणारे तर नाहीच नाहीत. मला मात्र त्यात एका जुन्या आणि गंभीर प्रश्नाचा पुरावा दिसतो. दुसऱ्याचा खून, मग तो खोटा का असेना, पाहून सुख घ्यायचं यात पाप आहे का? असेल, तर ते कुणाच्या पदरात पडतं, दाखवणाऱ्याच्या की पाहणाऱ्याच्या?

पापातल्या वाट्याचा हा प्रश्न मराठी मुलाला सगळ्यात आधी भेटतो तो वाल्या कोळ्याच्या गोष्टीत. वाल्या एकेक माणूस मारतो आणि रांजणात एकेक खडा टाकतो. असे सात रांजण भरतात. नारदमुनी त्याला एवढंच विचारतात, की ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते या पापात वाटा घेतील का. घरचे साफ नाही म्हणतात. गोष्ट ऐकताना आपण घरच्यांचं म्हणणं खरं धरून चालतो, पण शास्त्रांनी ते इतक्या सहज मान्य केलेलं नाही. पतंजलींची योगसूत्रं हिंसेचे तीन प्रकार सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. जैन आचारातही हीच त्रयी आहे. मनुस्मृती तर मांसाच्या बाबतीत संमती देणाऱ्यापासून विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना मारणाऱ्याच्याच रांगेत बसवते. पाप जसं हाताला लागतं तसं ते संमतीलाही लागतं, असा याचा अर्थ. ही कसोटी हाती घेतली की आपला प्रश्न नेमका होतो. नुसतं पाहणं म्हणजे अनुमोदन नव्हे. न्यायाधीशही पाहतो, शवविच्छेदन करणारा डॉक्टरही पाहतो. चित्रपट मरणाऱ्याचं माणूसपण विसरायला लावतो आणि त्या विसरण्याला आपण मनातून मान डोलावतो, तिथे आपला वाटा सुरू होतो. रक्त किती सांडलं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या नाट्यपरंपरेचा दाखला देऊन कुणी म्हणेल, की मुळात असलं काही दाखवूच नये. भरताने नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवायला मनाई केली आहे. मनाई आहे, हे खरं. पण त्याच परंपरेत भासाचं ‘ऊरुभंग’ आहे, आणि त्यात दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. भीमाच्या गदेने मांड्या फुटलेला, जमिनीवर सरपटणारा दुर्योधन आपल्यापुढे येतो. त्याचा लहानगा मुलगा नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला थांबवावं लागतं. महाभारतातला हा खलपुरुष, त्याच्या मरणाला टाळ्या पडाव्यात अशीच सगळी तयारी. आणि नाटककार त्या एका बालहट्टाने टाळ्यांची वाटच बंद करून टाकतो. मरण दाखवलं, पण संमती मिळू दिली नाही. नियम मोडूनही धर्म राखल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरा दाखला तर आपल्या परिसरातलाच आहे. चाकण आणि पिंपरी-चिंचवडपासून आळंदी जवळच आहे. तिथे ज्यांची समाधी आहे त्या ज्ञानदेवांनी गीतेच्या अकराव्या अध्यायावर भाष्य करताना म्हटलं आहे, की इथे शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आला आहे आणि त्याच्या पंगतीला इतर रसांनाही मान मिळाला आहे. त्या पंगतीत भयानक आहे आणि बीभत्सही आहे. विश्वरूपाच्या तोंडात योद्धे शिरत आहेत, दातांच्या फटींत मस्तकं चुरडली जात आहेत. यापेक्षा भीषण दृश्य कुठल्या चित्रपटात असेल? हे पाहणारा अर्जुन प्रेक्षकच आहे, त्याला दिव्यदृष्टीही पाहण्यापुरतीच मिळालेली आहे. आणि तो काय करतो? त्या जबड्यांत त्याला भीष्म दिसतात, द्रोण दिसतात, कर्ण दिसतो. मेलेले किती, हे तो मोजत बसत नाही. कोण आहेत, ते ओळखतो. मग घाबरून, हे रूप आवर आणि तुझं नेहमीचं सौम्य रूप दाखव, अशी विनवणी करतो. वाल्याच्या रांजणातले खडे आणि अर्जुनाने ओळखलेले चेहरे, या दोन पाहण्यांमधल्या अंतरातच माझा सगळा युक्तिवाद आहे.

आता खरी घटना घेऊ. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकलेले तरुण होते. राजेंद्र जक्कल त्यांचा म्होरक्या. त्या हिवाळ्यात पुण्यातल्या माणसांनी संध्याकाळनंतर दारं उघडणं सोडलं होतं. 1 डिसेंबर 1976 च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या एका बंगल्यात पाच जण मारले गेले. त्यांत ऐंशी ओलांडलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, संस्कृत व्याकरणाचा कोश सिद्ध करणारे पंडित. त्यांच्या घरी काम करणारी बाईही त्या रात्री मारली गेली. पहिल्या खुनाच्या वेळी हजर असलेला एक वर्गमित्र पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. 1986 मध्ये राजदत्तांनी ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट काढला. नाना पाटेकरांची त्यातली भूमिका आजही लोक आठवतात. पुढे अनुराग कश्यप यांनी याच प्रकरणावरून सुचलेला ‘पाँच’ केला, तो सेन्सॉरच्या हरकतींत अडकला आणि चित्रपटगृहांत कधी लागलाच नाही.

या प्रकरणाची लोकांच्या मनातली नोंद पाहण्यासारखी आहे. खुन्याचं आडनाव पुण्यात आणि आसपास दोन पिढ्या भीती घालायला वापरलं गेलं. मेलेल्यांपैकी दोन घरांची आडनावं प्रकरणाच्या नावात राहिली. काम करणाऱ्या त्या बाईचं नाव त्या नावात नाही, आणि ज्या दोन तरुण मुलांच्या खुनांनी ही मालिका सुरू झाली आणि संपली, त्यांचीही नाहीत. हे विसरणं चित्रपटाने सुरू केलं नाही. ते आपल्या बोलण्यात आधीपासूनच होतं. पण चित्रपटाच्या हाती ते दुरुस्त करायची ताकद असते, आणि खुन्याच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखून धरण्यात ती बहुतेक वेळा वाया जाते. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं, दाखवलेलं संभवनीय न वाटणं. आणि दुसरं, हे सुखदुःख माझं की परक्याचं, अमुक जागेचं की अमुक काळाचं, यात मन अडकून पडणं. रक्त खोटं वाटलं, ही तक्रार पहिल्या विघ्नाची आहे. खऱ्या प्रकरणावरच्या चित्रपटाला दुसरं विघ्न छळतं, कारण तो बंगला, तो रस्ता पाहणाऱ्याच्या ओळखीचा असतो. म्हणून असा चित्रपट करणाऱ्याने कल्पित गोष्ट सांगणाऱ्याच्या दुप्पट काळजी घ्यायला हवी. तिथे मेलेली माणसं खरोखर मेलेली असतात आणि त्यांचे नातेवाईक जिवंत असतात.

असल्या चित्रपटांमुळेच खुनी तयार होतात, हा आक्षेप नेहमी येतो. मी त्याचा आधार घेणार नाही, जरी तो माझ्या बाजूचा वाटला तरी. मुखवटा घातलेल्या खुन्याच्या चित्रपटांची लाट आली ती 1978 च्या जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’नंतर, आणि तेव्हा जक्कल आणि त्याचे साथीदार गजाआड होते. पुण्यातल्या त्या खुनांना चोरीचा लोभ, दारू आणि निर्ढावलेपण पुरेसं झालं. आणि ‘हॅलोवीन’चंच पाहा ना. सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत काढलेला, खुन्याचा मुखवटा दुकानातून स्वस्तात आणून पांढरा रंगवलेला. रक्त त्यात फार थोडं आहे. पैशांच्या टंचाईने दिग्दर्शकाला अंधारावर, थांबण्यावर, घाबरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर विसंबायला लावलं, आणि म्हणून ती मुलगी आपल्याला माणूस म्हणून लक्षात राहते. स्वस्तपणा चित्रपटाला हीन करतोच असं नाही. मरणारी पात्रं स्वस्त केली, की तो हीन होतो.

अधिक अवघड आक्षेप असा, की हे सगळं खोटं आहे; भारी मारलाय, असं म्हणणारा पोरगा मेकअपवाल्याच्या हाताचं कौतुक करतोय, खुनाचं नाही. यात बरंच तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. कारागिरीची दाद म्हणजे हिंसेचं अनुमोदन नव्हे. शिवाय ही दाद चाकण-भोसरीच्या पट्ट्यातून येते तेव्हा तिचं वजन वाढतं. कारण इथल्या माणसाला शरीर तुटणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्लाइड खाली येऊ नये, अशी सोय असते. काम वेगाने व्हावं म्हणून एक बटण दाबलेलंच बांधून ठेवलं, की एखाद्या दिवशी बोटं डायमध्ये राहतात. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची 30 टक्के क्षमता गेली, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, असे आकडे दिलेले आहेत. कायद्याला आकडा लागतो, त्याला इलाज नाही. पण शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ते टक्के आठवत नाहीत, त्याला तो हात आठवतो. असा माणूस पडद्यावर तुटलेला हात पाहून, हे खोटं वाटतं, असं म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं रंगाच्या छटेपुरतं नसतं. ज्याचा हात तुटला तो नंतर कुठे गेला, त्याचं काय झालं, हे चित्रपटाने विचारलंच नाही, हेही त्यात असतं. म्हणून थकून आलेल्या कामगाराच्या करमणुकीवर बोट ठेवणारे तुम्ही कोण, या प्रश्नाला माझं उत्तर असं, की बोट त्याच्यावर नाहीच. त्याचं मत मी या बाबतीत सगळ्यांत विश्वासार्ह मानतो.

राहिली ती कारण न पटल्याची तक्रार. मानसिक भयपटात खुन्याच्या लहानपणाचा एखादा प्रसंग शेवटी दाखवतात आणि हिशेब मिटवतात. लोकांना तो खोटा वाटतो, आणि त्यांचं बरोबर आहे. कारण देणं आणि क्षमा करणं या दोन गोष्टी आपल्या लोकदेवतांच्या कथाही एक मानत नाहीत. खंडोबाने मणी आणि मल्ल दोघांना मारलं. मणीने शरण येऊन जवळ जागा मागितली, ती त्याला मिळाली. तो देवळात पूजला जातो. मल्ल अखेरपर्यंत जगाचा नाशच मागत राहिला आणि त्याचं मस्तक पायरीशी आलं. दोघे दैत्य, दोघांचा इतिहास एकच, तरी निवाडा वेगळा, कारण शेवटच्या क्षणी दोघांनी वेगळं निवडलं. खुन्याचं मन दाखवायचं, तर त्याच्या निवडीचा तो क्षण दाखवावा लागतो. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर किंवा निमगावला जाणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच लहानपणी बापाने मारलं म्हणून मोठेपणी दहा खून केले, हा हिशेब त्याच्या गळी उतरत नाही.

तेव्हा माझी वाचकांना एक विनंती आहे. असा चित्रपट पाहून आलात आणि कंपनीच्या बसमध्ये किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर कुणी विचारलं, कसा आहे, तर खून किती आहेत ते सांगा, रक्त खरं वाटतं की नाही तेही सांगा. त्याच वेळी त्यात मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आठवतंय का, ते स्वतःला विचारा. आठवलं, तर तिकिटाचे पैसे घालायला हरकत नाही म्हणा. एकाचंही आठवलं नाही, तर तेही मोकळेपणाने सांगा आणि मित्राला म्हणा, जाऊ नकोस.