मीटर कुणाच्या हातात?

दोस्तांनो, आपला एखादा पोरगा रेडिएशन सेफ्टीचं ट्रेनिंग घ्यायचं म्हणाला की वस्तीत दोन आवाज उठतात. एक म्हणतो, घे बाबा, चांगली भाकर आहे. दुसरा म्हणतो, गावानं मेलेली ढोरं ओढायला लावली, शहरानं गटारात उतरवलं, आता अणूची घाण काढायलाही आपलीच पोरं का? दोन्ही आवाज खरे, पण अर्धे. मला सवाल पडतो तो वेगळाच. एका माणसाला धोक्यात उभं करायचा हक्क दुसऱ्या माणसाला मिळतोच कसा?

आधी काम काय ते बघू. बॉयलरच्या, पाइपलाइनीच्या वेल्डिंगचा जोड आतून पोकळ राहिला का हे बघायला इरिडियम-१९२ चे किरण पोलादातून आरपार सोडून फिल्मवर फोटो घेतात. दवाखान्यात कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडतात. या किरणांना रंग नाही, वास नाही. अंगाला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून तिथं मीटर घेतलेला माणूस लागतो. किती वेळ थांबायचं, किती लांब उभं राहायचं, मध्ये किती जाड शिसं ठेवायचं, हे तो बघतो. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो. गणित एवढं साधं. पण ज्याला कुणी ते सांगितलंच नाही, त्याचा जीव जातो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातर्फे याचे कोर्स चालतात. २००४ च्या नियमांनी अठरा वर्षांखालच्याला या कामावर लावायला बंदी घातली आणि सोळाखालच्याला शिकाऊ म्हणून घ्यायलाही.

न दिसणाऱ्या गोष्टीचं भय या देशाला नवं नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत धोट्यातून धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं थुंक धोट्याला लागेल म्हणून आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. जास्त मजुरी तिथंच. आपले आजे-पणजे रिंगखात्यात खपले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला.

आता दुसरे ओठ बघा. १९२० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका कारखान्यात पोरी घड्याळाच्या तबकडीवर रेडियमचा रंग भरत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. त्याच कारखान्यातले केमिस्ट मात्र शिशाच्या आडोशानं काम करत. पोरींचे जबडे कुजले, कित्येक मेल्या. ध्यानात घ्या, ट्रेनिंग त्यांनाही दिलंच होतं. मरायचं ट्रेनिंग!

खोट्या विटाळासाठी खात्याखात्यात भिंत, आणि खऱ्या विषासमोर भिंत फक्त साहेबापुरती. म्हणजे भिंत कुठं घालायची हे ज्ञानवाला ठरवतो आणि मरतो बिनज्ञानवाला. ही गोष्ट जुनी झाली म्हणू नका. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेलं गॅमा यंत्र २०१० साली लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६०. मायापुरीच्या भंगारबाजारात मजुरांनी ते फोडलं. एक मेला, बाकीचे होरपळले. विद्येच्या घरातून विष बाहेर पडलं आणि ते झेललं अंगठेबहाद्दरांच्या वाटच्या माणसांनी.

आता नियमाचा आकडा बघा. सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. रेडिएशन कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. त्याखालीही जमेल तेवढं कमी करा, असंही सांगितलंय. ठीक. पण १ आणि २० हा फरक का? कामगाराची हाडं काय शिशाची आहेत? उत्तर मिळतं की त्यानं समजून-उमजून काम पत्करलं, त्याला पगार आहे, त्याच्या डोसाची नोंद ठेवतो. पगार आणि नोंद गुलामाच्या मालकाकडंही सापडेल. म्हणजे या वीसपटीला खरा आधार एकच, समजून-उमजून. तेवढं काढून घ्या, आणि खाली वर्णव्यवस्थाच उरते. काहींचं अंग महाग, काहींचं स्वस्त.

म्हणून मी म्हणतो, ट्रेनिंग हा कुणाचा उपकार नव्हे. ज्याला शिकवलं नाही त्याला धोक्यात उभं करायचा हक्कच कुणाला नाही. छातीवर बॅज लावला म्हणजे भागलं, असंही नाही. बॅज किरण अडवत नाही. तो फक्त हिशेब धरून ठेवतो, आणि तो हिशेब कळतो लॅबमध्ये वाचल्यावर, मागाहून. तो आकडा कामगाराला वाचता आला पाहिजे, मागता आला पाहिजे.

पण समजणं तरी पुरतं का? मीटर ओरडतंय आणि मुकादम म्हणतो, राहू दे, दोनच जोड उरलेत. घरी चूल थंड आहे. अशा वेळचा होकार हा होकार नसतो, ती भूक बोलते. सेफ्टी ऑफिसरसुद्धा त्याच मालकाच्या पगारावर. एकट्या शहाण्याचं सर्टिफिकेट अशा वेळी भिंतीवर टांगायच्या लायकीचं. काम थांबव म्हणणाऱ्याच्या पाठीशी दहा माणसं उभी पाहिजेत. बाबासाहेबांनी शिकण्याला संघटनेची जोड दिली ती काय भाषणाच्या शोभेसाठी?

तेव्हा पोरांनो, पोरींनो, खुशाल शिका. अणूला जात कळत नाही, मीटरचा काटा आडनाव विचारून हलत नाही. पण शिकून वर गेलात की खाली पेटी उचलणाऱ्या हेल्परला ते गणित सांगा. तो तुमच्याआधी जवळ जातो. आणि वस्तीतल्या भंगारवाल्याला पिवळ्या पाटीवरची ती तीन पाती ओळखायला शिकवा. त्याला कोर्सला कुणी बोलावणार नाही.

जयभीम.