जीर्णोद्धार आणि इमान : एका जुन्या नौकेच्या निमित्ताने

१

जुनी वस्तू दुरुस्त करणारा माणूस नेमके काय राखत असतो? तो द्रव्य राखतो असे म्हणावे, तर दुरुस्ती म्हणजेच द्रव्यातला बदल. तो आकार राखतो असे म्हणावे, तर हुबेहूब नक्कल करणाऱ्यात आणि त्याच्यात फरक उरत नाही. हा प्रश्न प्राचीन आहे आणि त्याचे उदाहरण बहुधा नौकेचे असते. प्लूटार्कने थीसियसच्या चरित्रात सांगितलेली हकीकत सर्वपरिचित आहे. अथेन्सवासीयांनी थीसियसची तीस वल्ह्यांची नौका जपून ठेवली; कुजलेली फळी काढावी, तिच्या जागी नवी बसवावी, असे चालत राहिले आणि ही नौका तीच की दुसरी, यावर तत्त्ववेत्त्यांत दोन तट पडले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवल्या आणि पूर्वीच्याच क्रमाने जोडून दुसरी नौका उभी केली, तर एकाच वेळी दोन 'त्याच' नौका मानाव्या लागतील काय? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेनाने रथाचा दृष्टांत घेतला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. 'रथ' हे केवळ व्यवहारातले नाव, असा त्याचा निष्कर्ष.

या तिन्ही मांडण्यांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न विचारणारा वस्तूच्या बाहेर उभा आहे. मिलिंद रथात बसून आला होता हे खरे. पण वाद सुरू होतो तेव्हा तो रथातून उतरलेला असतो. बाहेर उभ्या असलेल्याला 'ती वस्तू तीच आहे काय?' असा वर्णनाचा प्रश्न पडतो. वस्तूत राहणाऱ्याला मात्र 'ती तीच राहावी म्हणून मी काय केले पाहिजे?' असा कर्तव्याचा प्रश्न पडतो. प्रस्तुत निबंधात हा दुसरा प्रश्न मांडावयाचा आहे.

अथेन्सच्या नौकेची दुसरी हकीकत प्लेटोच्या 'फीडो'च्या आरंभी येते आणि ती येथे अधिक उपयोगाची आहे. थीसियस ज्या नौकेतून गेला असे अथेन्सवासी मानीत, तीच नौका अपोलोला दिलेल्या वचनाप्रमाणे दरवर्षी डेलॉसला जाई. ती परत येईपर्यंत नगर शुद्ध ठेवायचे, म्हणजे कोणालाही मृत्युदंड द्यायचा नाही, असा नियम होता. सॉक्रेटिसचा खटला चालला त्याच्या आदल्याच दिवशी नौकेच्या वरामाला पुष्पमाला चढली होती. म्हणून निकालानंतर तो बराच काळ तुरुंगात जिवंत राहिला. येथे 'ही तीच नौका' हे विधान फळ्यांची मोजदाद करून केलेले नाही. ते वचन पाळण्याचा एक भाग आहे, आणि त्यावर एका माणसाचे श्वास अवलंबून आहेत. वस्तूचे एकत्व हे पुष्कळदा वर्णन नसते. ती एक स्वीकारलेली बांधिलकी असते, एवढे यावरून म्हणता येईल.

२

या विधानाची कसोटी पाहण्यासाठी मुंबईत जन्मलेले एक जहाज घेऊ. 'त्रिंकोमाली' हे ब्रिटिश आरमाराचे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याचे मूळ शोधू गेल्यास प्रतींची एक साखळीच हाती लागते. ज्या 'लेडा' वर्गाचे ते जहाज, त्या वर्गाचा आराखडाच पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजावरून घेतलेला होता. मुंबईकडे निघालेले आराखडे 'जावा' या जहाजावर होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्याचा पाडाव केला आणि ते नष्ट झाले. आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. म्हणजे 'मूळ' जहाज हेच एका प्रतीच्या प्रतीवरून उभे राहिलेले आहे. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याला ही परिस्थिती नवी नाही.

पुढे १८४० च्या दशकात हे अडतीस तोफांचे जहाज सव्वीस तोफांचे केले गेले. नंतर ते प्रशिक्षणासाठी वापरले गेले. १८९७ मध्ये भंगारात निघाले. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब या गृहस्थांचे 'फुद्रोयाँ' हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. एके काळी नेल्सनचे निशाण वाहिलेले हे जहाज कॉब यांनी मुलांच्या प्रशिक्षणासाठी घेतले होते. त्यांनी त्याच्या जागी 'त्रिंकोमाली' विकत घेतले आणि त्यालाच 'फुद्रोयाँ' हे नाव दिले. त्यानंतर १९८६ पर्यंत कित्येक पिढ्यांतली मुले या जहाजावर राहून शिकली. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले, १९९० ते २००१ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि दरम्यान १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळाले. मूळ लाकडाचा बराच मोठा भाग त्यात अजून शाबूत आहे.

हॉब्जच्या कोड्यात एक नाव आणि दोन नौका आहेत. येथे एक नौका आणि दोन नावे आहेत. कॉब यांनी दुसऱ्या जहाजाचे नाव याला चिकटवले हे असत्य होते काय? द्रव्याच्या दृष्टीने होते. परंतु त्यांनी चालू ठेवले ते लाकूड नव्हते. मुलांना जहाजावर वाढवण्याचे एक काम होते, आणि त्या कामाचे नाव 'फुद्रोयाँ' होते. १९९२ मध्ये जुने नाव परत आले तेव्हा जहाजाचा जन्म खरा ठरला. पण शंभर वर्षांच्या जवळपास त्यावर जे आयुष्य घडले, त्याचे नाव पुसले गेले. जीर्णोद्धार एका काळाशी इमान राखतो तेव्हा दुसऱ्या काळाशी तो बेइमान होतो. हा दोष जीर्णोद्धार करणाऱ्याचा नव्हे. तो जीर्णोद्धाराच्या स्वरूपातच आहे. आज हे जहाज सुस्थितीत तरंगते आहे. मात्र त्यात आता कोणी राहत नाही.

३

याच्या उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडच्या कालव्यांवरील अरुंद नौकांचे आहे. जलपाशांच्या मापाने बांधलेल्या या मालवाहू नौकांची रुंदी सुमारे सात फूट, लांबी सत्तर फुटांच्या आसपास. नावाड्याचे अख्खे कुटुंब मागच्या बाजूच्या सुमारे दहा फूट लांबीच्या खोलीत राही. उरलेली सगळी नौका मालासाठी. एल. टी. सी. रोल्ट यांनी 'क्रेसी' नावाची अशी एक लाकडी नौका घराजोगी करून घेतली, १९३९ मध्ये पत्नीसह तीत राहावयास सुरुवात केली आणि त्या अनुभवावर 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. ओस पडू लागलेल्या कालव्यांच्या रक्षणासाठी १९४६ मध्ये जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. रोल्ट यांनी मालाच्या जागी बिऱ्हाड मांडले, म्हणजे ती नौका ज्यासाठी होती तेच त्यांनी तीतून काढून टाकले. शुद्धतावाद्याला हे रुचणार नाही. तथापि तिची मालाची जागा जशीच्या तशी रिकामी ठेवली असती तर नौका 'खरी' राहिली असती आणि कोठेतरी चिखलात बुडाली असती.

आजही अशा नौका विकत घेऊन त्यांत राहणारे लोक आहेत. लोखंडी सांगाड्याचा पत्रा झिजला की त्यावर नवा पत्रा जोडतात. जुना आत तसाच राहतो. त्यामुळे गळती थांबते, पण नौका जड होते आणि पाण्यात अधिक खोल बसते. किती जोडावे याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा चुकल्यास बुडतो तो राहणाराच.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हे सारे परके वाटावे. गंगाखेडला गोदावरी आहे, पण गोदेच्या पात्रात बिऱ्हाड करण्याची रीत आमच्याकडे नाही. तरीही माळवदाच्या घरात वाढलेल्याला ही अडचण ताबडतोब कळते. तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्या, वर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्या थरावर नवी माती. तुळई बदलायची तर खाली संसार चालू असतानाच टेकू देऊन बदलायची. ओटो नॉयराथ या तत्त्वज्ञाने मानवी ज्ञानाला भर समुद्रातल्या नौकेची उपमा दिली होती. नावाडी तिला कोरड्या गोदीत नेऊन उत्तम सामग्रीने नव्याने बांधू शकत नाहीत. वाहत्या पाण्यात, तीत बसूनच त्यांना ती दुरुस्त करावी लागते. माळवदाखाली राहणारा माणूस नॉयराथचा नावाडीच असतो.

पण या उपमेत जे सुटते ते मराठवाड्याला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि थरावर थर चढून जड झालेली माळवदे यांखालीच माणसे गाडली गेली. परंपरेत भर घालीत राहणे म्हणजे परंपरा जपणे, ही समजूत निर्दोष नाही. राहणाऱ्याच्या दुरुस्तीत ममत्व असते, तसाच आंधळेपणाही असू शकतो. केवळ 'आम्ही येथे राहतो' एवढ्याने बदलाचा अधिकार सिद्ध होत नाही.

४

हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या दारात येतो तो संहितेच्या रूपाने. ज्ञानेश्वरीत मराठी माणूस सात शतके राहत आला आहे. तीत राहता राहता तिचे पाठ बदलले, ओव्या शिरल्या, शब्द सोपे झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. या कृतीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. आपण हे केले आणि अमुक शकात केले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी नोंदवले. आणि यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असे बजावले. राहणाऱ्याने केलेली ही दुरुस्ती आहे, पण ती आपली खूण लपवीत नाही आणि स्वतःलाही मर्यादा घालते. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणातील पोथीवरून १९०९ मध्ये जी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तिचा दावा एकनाथपूर्व भाषारूपाचा होता. १९६० ची शासकीय प्रत तिच्याच आधाराने निघाली. वारकरी मात्र पारायणाला एकनाथी परंपरेचाच पाठ घेतो. राजवाड्यांनी जहाज कोरड्या गोदीत नेले. वारकरी त्यातून प्रवास करीत राहिला.

काही वर्षांपूर्वी मी पदव्युत्तर वर्गाला राजवाडे-परंपरेच्या संहितेवरून एक अध्याय शिकवीत होतो. एका विद्यार्थिनीने ओवी वाचताना पुस्तकात नसलेला शब्द उच्चारला. मी 'चूक' म्हणून थांबवले. "आमच्या घरच्या पोथीत असंच आहे, सर," ती म्हणाली. आमच्या हातातली संहिता अधिक प्राचीन असल्याचे मी तिला समजावले. तिने मान हलवली आणि पुढे मी सांगितले तसे वाचले. त्या तासाला मी तिला पाठभेद शिकवला असे मला वाटले होते. प्रत्यक्षात, तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे वाचले गेले ते अशुद्ध आहे, एवढेच मी शिकवले.

येथे एक आक्षेप संभवतो. मग पाठचिकित्सेला अर्थच काय? प्रत्येक घरची पोथी तितकीच प्रमाण मानायची काय? तसे नाही. माळवदाचा थर किती जड झाला हे पाहण्यासाठी कोणीतरी वर चढून मोजलेच पाहिजे. राजवाडे ते करतात आणि ते अनिवार्य आहे. 'कोणता पाठ जुना?' या प्रश्नाला पुराव्याने उत्तर देता येते, आणि ते उत्तर भावनेने बदलत नाही. परंतु 'जुना' या शब्दावरून 'खरा' या शब्दावर मी ज्या सहजतेने उडी घेतली, ती उडी पुराव्याची नव्हती. ती काठावर उभ्या असलेल्या माणसाची होती. जन्माचे नाव परत देताना मधल्या आयुष्याचे नाव पुसण्याचा जो प्रकार जहाजाच्या बाबतीत घडला, तोच मी एका चाळीस मिनिटांच्या तासात केला.

थीसियसच्या नौकेच्या कोड्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण फळी बदलणाऱ्याकडून काय अपेक्षावे, हे सांगता येते. त्याने आपण फळी बदलल्याचे सांगावे, जुनी कोठे होती ते दाखवावे, आणि नौका ज्यांना वाहून नेत होती त्यांचा विचार लाकडाच्या आधी करावा. एकनाथांनी यातले पहिले केले म्हणून राजवाड्यांना आपला प्रश्न मांडता आला. मी यातले तिसरे केले नाही. त्या विद्यार्थिनीचा शब्द एकनाथी परंपरेतला होता, हे मी नंतर पडताळून पाहिले. तो पाठ उत्तरकालीन आहे, हे माझे मत कायम आहे. 'चूक' हा शब्द मात्र मी मागे घेतो. आता तो अध्याय शिकवताना फळ्यावर दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहितो, आणि कोणाच्या घरी कोणता वाचतात हे आधी विचारतो.