मजलूम कोणाचा?

जुम्याच्या नमाजनंतर त्या दिवशी आम्ही फलस्तीनच्या मजलुमांसाठी हात उचलले. दुआ लांबली, पुष्कळांचे डोळे पाणावले, माझेही. लोक पांगल्यावर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मौलाना, सकाळी वजूखान्याची तुंबलेली मोरी काढायला जे काका आले होते, त्यांना चहा कागदी कपात का दिला? आपल्याकडे काचेचे पेले आहेत ना?"

पेले धुवायचे राहिले असतील, असे काहीतरी मी बोलून गेलो. ते खरे नव्हते. चहा सांगणारा मीच होतो आणि कागदी कप आणायला सांगणाराही मीच. कोणी तसे शिकवले नव्हते, कोणत्या किताबात तसे लिहिलेले नाही. हात आपोआप तिकडे गेला. हा लेख त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

पवित्र कुरआनात अत्याचारपीडितांसाठी 'मुस्तज्अफीन' असा एक शब्द येतो. सूरह अन्निसाच्या ७५ व्या आयतीत, ज्या वस्तीचे लोक जुलमी आहेत तेथून आमची सुटका कर अशी याचना करणाऱ्या अशा स्त्री-पुरुष-बालकांसाठी तुम्ही का उभे राहत नाही, असा रोखठोक प्रश्न ईमानधारकांना केलेला आहे. सूरह अल्-कससच्या आरंभी फिरऔनने दडपलेल्या लोकांवर कृपा करण्याचा, त्यांना पुढारी व वारस बनविण्याचा अल्लाहचा इरादा सांगितला आहे. मराठीत आपण या शब्दाचा अर्थ 'दुर्बल' असा करतो, पण त्याने अर्थ निसटतो. अरबी व्याकरणाप्रमाणे हे कर्मणी रूप आहे : दुर्बल असलेले नव्हे, तर ज्यांना दुर्बल ठरविले गेले, दुर्बल केले गेले असे. मराठीचा विद्यार्थी असताना 'दलित' शब्दाची फोड शिकलो तेव्हा मी वर्गातच चमकलो होतो. दलित म्हणजे दळलेला, भरडलेला. तेही कर्मणीच. दोन्ही शब्द ऐकताच मनात प्रश्न उभा राहतो, की हे कोणी केले? 'दुर्बल' हा शब्द तो प्रश्न विचारतच नाही.

याच प्रश्नापासून विसाव्या शतकात एक विचारप्रवाह निघाला. पेरू देशातील गुस्तावो गुतिएरेझ या कॅथॉलिक धर्मगुरूंचा मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. गरिबांच्या बाजूने उभे राहणे हा धर्माचा परिशिष्ट भाग नसून गाभा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. आपल्याकडे मुंबईत राहून डॉ. असगर अली इंजिनियर यांनी इस्लामच्या अंगाने हा विचार मांडला. दक्षिण आफ्रिकेत, कराचीच्या मदरशात शिकलेल्या फरीद इसाक यांनी वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध ख्रिस्ती व इतर धर्मीयांच्या खांद्याला खांदा लावून तो आचरून पाहिला. माझ्या उस्तादांना या मंडळींविषयी शंका होती, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मजलूम हा मजलूम आहे म्हणून त्याचे प्रत्येक म्हणणे हक ठरत नाही. आजचा मजलूम उद्याचा जालिम होऊ शकतो. शिवाय तौहीदचा अर्थ केवळ सामाजिक समता एवढाच केला, तर सजद्याला काही अर्थ उरत नाही. परंतु उलट बाजूही आहे. ज्या सजद्यानंतर शेजारचा भरडलेला माणूस दिसत नाही, त्या सजद्याविषयी सूरह अल्-माऊन काय सांगते ते आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे.

येथे एक प्रामाणिक अडचण मांडली पाहिजे. अन्निसाच्या त्या आयतीतील मुस्तज्अफीन हे मक्केत अडकलेले मुसलमानच होते. मग मजलुमाची साथ देण्याचा हुकूम फक्त आपल्या माणसांपुरता आहे काय? तसे म्हणणारे भेटतात, आणि मनातल्या मनात तसे मानणारे त्याहून अधिक भेटतात.

याचे उत्तर सीरतमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्यापूर्वीची घटना. एका यमनी व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका बड्या सरदाराने घेतला व पैसे बुडविले. व्यापारी परका, ना कबिला ना पाठीराखा. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोकांनी शपथ घेतली, की मक्केत कोणावरही जुलूम झाला तर आपण मजलुमाच्या बाजूने उभे राहू. हाच 'हिल्फुल फुजूल'. त्या शपथेत प्रेषित (स.) सामील होते. आजही त्या नावाने कोणी हाक दिली तर मी धावून जाईन, असे त्यांनी नबुव्वतनंतरही सांगितले. ज्याच्यासाठी शपथ घेतली गेली तो व्यापारी मुसलमान नव्हता, शपथ घेणारेही मुसलमान नव्हते.

दुसरी घटना मदीनेची. अन्निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढच्या आयतींच्या संदर्भात अनेक तफसीरकारांनी ती नोंदविली आहे. मुसलमान म्हणवणाऱ्या एका घराण्यातील माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर ढकलला. घराणे एकवटले, आपला माणूस, आपली अब्रू! तेव्हा वही उतरली, आणि ती त्या यहुद्याला निर्दोष ठरविणारी होती. खियानत करणाऱ्यांची वकिली करू नका, अशी ताकीदही तीत होती. एका बिगरमुस्लिमाची बेअब्रू होऊ नये म्हणून आकाशातून आयती उतराव्यात, यावर आपण मिंबरवरून किती वेळा बोलतो? मीच फार तर दोनदा बोललो असेन.

आता आपल्या गावाकडे येऊ. भद्रकालीतून गोदावरी ओलांडली की पंचवटी, आणि तेथे काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष त्या मंदिराच्या बंद दरवाजांपर्यंत गेले. रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. लढा १९३५ पर्यंत रेंगाळला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. घोषणा होताच निमंत्रणे सुरू झाली. मुसलमानांकडून, ख्रिस्ती मंडळींकडून, शिखांकडून. दावत देणे हे आपले कर्तव्यच आहे, मी स्वतः दाई आहे. पण ज्यांना कालपर्यंत आपण विचारले नव्हते त्यांना आपली संख्या वाढण्याच्या आशेने आज मिठी मारणे, यात आणि दावतीत अंतर आहे. ते अंतर समोरच्याला आपल्याआधी कळते.

याउलट महाडकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी मंडप घालायला गावात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. तेव्हा धर्मांतराची घोषणा आठ वर्षे दूर होती. फत्तेखानांना बदल्यात काही मिळायचे नव्हते, मिळाला असेल तर गावकऱ्यांचा रोषच. सूरह अद्-दहरमध्ये जेवू घालणारे मोबदला तर सोडाच, आभारही मागत नाहीत; मला तेथे फत्तेखान आठवतात.

आणि बाबासाहेबांनी इस्लाम का स्वीकारला नाही, हा आपल्या मैफलींतला आवडता प्रश्न. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु फाळणीवरील आपल्या ग्रंथात हिंदू समाजातील सामाजिक दोष मुसलमान समाजातही आहेत, जातिभेदही आहे, असे त्यांनी लिहून ठेवले, हे आपण क्वचितच सांगतो. ते वाचून मला प्रथम राग आला होता. मग मदरशातला एक धडा आठवला. 'हिदाया'मध्ये निकाहातील कुफूच्या, म्हणजे बरोबरीच्या चर्चेत विणकर, चर्मकार, शिंगी लावून रक्त काढणारा हे पेशे खालचे धरल्याचा उल्लेख येतो. तो धडा मी मालेगावच्या एका विणकराच्या मुलाशेजारी बसून शिकलो. त्याने मान वर केली नाही. फुकहांनी आपल्या काळच्या चालीरीती पाहून, नांदणाऱ्या मुलीला जाच होऊ नये म्हणून ते लिहिले, हे मी जाणतो. पण अबू दाऊदच्या संग्रहात हदीसही आहे : अबू हिंद हे हाच रक्त काढण्याचा पेशा करणारे, मुक्त केलेले गुलाम. त्यांना मुली द्या आणि त्यांच्या मुली करा, असे प्रेषितांनी (स.) बनू बयाजा कबिल्याला सांगितले. आपल्या बिरादऱ्या लग्न जुळविताना यांपैकी कोणत्या पानावर बोट ठेवतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना प्रेषितांनी (स.) बजावले होते, की मजलुमाच्या दुआला भिऊन राहा; तिच्यात आणि अल्लाहमध्ये पडदा नसतो. मुआज (रजि.) ज्यांच्याकडे निघाले होते ते अहले-किताब होते. आम्ही त्या शुक्रवारी दुआ मागत होतो, तेव्हा मोरी काढून गेलेले ते काका आपल्या घरी काय मागत असतील, हे माझ्या मनातही आले नव्हते.

पावसाळ्यात मोरी पुन्हा तुंबली. या वेळी मी त्यांचे नाव विचारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा सर्वांबरोबर काचेच्या पेल्यांत आला. कमिटीतील एका बुजुर्गांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत. काकांना मी आत चटईवर बसायला सांगितले. त्यांनी पेला घेतला, दोन्ही हातांत धरला, आणि सवयीने बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.