बटाट्याचे शेत आणि त्याचे वारस

बापाने आपली जमीन सर्व मुलांना सारखी वाटून द्यावी, की शेत अखंड राहावे म्हणून एकाच्याच हाती सोपवावी? प्रश्न घराघरातला आहे. आयर्लंडमधील बटाटा पिकवणाऱ्या कुटुंबांनी ही दोन्ही उत्तरे पिढ्यानपिढ्या अनुभवली आणि दोन्हींची किंमत मोजली.

१७०४ साली तेथे एक कायदा झाला. कॅथलिक जमीनमालक वारला की त्याची जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटली जावी. मात्र थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाला, तर सगळी त्याची. दिसायला समान न्याय, पण हेतू कॅथलिक घराणी दुबळी करण्याचा. वाटणीचा हा नियम १७७८ साली रद्द झाला. तथापि बहुसंख्य कॅथलिक शेतकरी मालक नव्हतेच, कुळे होती. त्यांच्यात कोणाची सक्ती नसतानाही वाटणी चालत राहिली. मुलगा लग्नाचा झाला की बाप आपल्या तुकड्यातला तुकडा तोडून देई, तेथे तो झोपडी बांधी. कोणत्याही लेकराला उघड्यावर टाकायचे नाही, एवढीच त्यामागे माया होती.

ही माया बटाट्यामुळे परवडत होती. एकरभर बटाटा आणि जोडीला ताक असले की एका कुटुंबाचे वर्षातले बहुतेक दिवस निघत. डोंगरउतारावर, पाणथळ जमिनीतही उंच वाफे घालून तो येई. जागा जितकी लहान, तितके दुसरे काही लावणे अशक्य होत गेले. त्यातही गरिबाघरी बहुधा ‘लंपर’ ही एकच जात असे. बटाट्याचे बेणे म्हणजे डोळा असलेला बटाट्याचाच काप; आजोबांनी लावलेलेच झाड जणू नातू पुन्हा लावतो. त्यामुळे एकाला जो रोग लागेल, तो सर्वांना लागेल. १८४५ च्या सप्टेंबरच्या सुमारास करपा आला. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे पीक कुजले. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने दगावली, निदान तितकीच देश सोडून गेली.

त्या काळातील एक कलम मला सर्वांत निर्दय वाटते. १८४७ साली ठरले की पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे लेकरांना आज पेज हवी असेल, तर त्यांचे उद्याचे शेत सोडा. कित्येकांनी शेत सोडले, कित्येकांनी शेत धरून प्राण सोडला. त्यांना हट्टी म्हणण्याचा अधिकार भरल्यापोटी बसलेल्या आपल्याला नाही.

दुष्काळानंतर वाटणीची रीत मागे पडली. शेत एका मुलाला, जमल्यास एका मुलीला हुंडा, बाकीच्यांना बोटीचे तिकीट. काही धर्मगुरू झाले, काही धर्मभगिनी. अमेरिकेला निघणाऱ्याच्या आदल्या रात्री घरात मयताच्या घरासारखे जागरण होई, कारण तो बहुधा परत दिसणार नाही, हे सर्वांना ठाऊक असे.

शेत वाचले, हे खरे. अनेक जण याला व्यवहारी शहाणपण म्हणतील. मला मात्र ते पुरतेपणी पटत नाही. बोस्टन, न्यूयॉर्क येथे लोकांच्या घरी राबणाऱ्या बहिणी घरी पैसे पाठवीत. त्यातून शेताचा खंड भरला जाई, धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. वाटा ज्यांना नव्हता, त्यांच्या मजुरीनेही ते शेत राखले.

पुढे १९०३ च्या कायद्याने जमीनदाराकडून जमीन विकत घेऊन तिची किंमत हप्त्याहप्त्याने फेडण्याची मोठी सोय झाली. पिढ्यानपिढ्या कसलेल्या शेताची असंख्य कुटुंबे मालक झाली. कागदावर नाव लागले, ते घरी राहिलेल्या भावाचे.