मुक्याची खाज

माणसाला अ‍ॅलर्जी झाली की ती अंगावर कमी आणि गावभर जास्त पसरते. आमच्या शेजारच्या काकूंना वांगं सोसत नाही, हे पंगतीतल्या वाढप्यांनासुद्धा पाठ आहे. कुत्र्याला ही सोय नाही. ते बिचारं नुसतं खाजवतं. आणि आपण म्हणतो, "कुत्रंच ते, खाजवणारच!"

आमचा मोत्या पंजे चाटत बसायचा, कान झाडायचा, पोट लादीला घासायचा. घरात तीन मतं पडली : ऊन, नजर आणि फाजील लाड. जनावरांच्या डॉक्टरांनी चौथं दिलं. पिसवांच्या लाळेनं होतं, धुळीनं होतं, खाण्यानंही होतं. तेव्हा आधी पिसवांचं औषध, मग आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं. वर दुसरा घास नाही!

पथ्य मोत्याला सोपं गेलं, आम्हाला जड. चहाला तो समोर येऊन बसला की आईचा हात आपसूक बिस्किटांच्या डब्याकडे जाई. "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" आता सांगा, तो तुकडा नक्की कुणाच्या सुखासाठी? शेपूट त्याची हलते, पण गार वाटतं आपल्याला. रात्रभर खाजवायचं मात्र त्यानं.

खाजेत निदान विचाराला सवड मिळते. पण मधमाशी चावून तोंड सुजलं, उलट्या झाल्या, धाप लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर तत्त्वज्ञान गुंडाळून आधी रिक्षा बोलवावी. घरातली आपली गोळी देऊ नये. आपल्या तापावरचं पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं.

गंमत पाहा. अशा जीवघेण्या झटक्याला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव १९०२ साली रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलं, तेच मुळी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. समुद्रातल्या एका जीवाचं विष एकदा पचवलेली कुत्री काही आठवड्यांनी त्याच विषाच्या किंचित मात्रेनं दगावली. रिशेंना १९१३ साली नोबेल मिळालं. कुत्र्यांना काय मिळालं, हे विचारायचं नसतं.

म्हणजे ही विद्या आपल्याकडे त्यांची उसनी आहे. फेडायची तर एवढंच : ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडे दुप्पट बघायचं. न बोलणाऱ्याला काही होत नाही, ही समजूत फार सोयीची असते, आणि ती आपण कुत्र्यामांजरांपुरतीच वापरतो असंही नाही. प्रत्येक घरात "मला काही नको" म्हणणारं एक माणूस असतंच. जाता जाता त्याच्याकडेही बघावं.