हलका हात

मराठीत एखाद्याची चारचौघांत खरडपट्टी निघाली की 'त्याची बिनपाण्याने केली' असं म्हणतात. काय केली, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. कोरड्या गालावर वस्तरा फिरला तर काय होतं हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. धार तीच, गाल तोच. नुसतं पाणी काढून घेतलं की दाढीची शिक्षा होते. असाच दुसरा शब्दप्रयोग म्हणजे 'हात हलका असणं'. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरबद्दल, तळव्यातला काटा काढणाऱ्या आजीबद्दल आणि न्हाव्याबद्दल तो सारख्याच कृतज्ञतेनं वापरला जातो. पाणी आणि हलका हात, या दोन गोष्टींत ओल्या दाढीची सगळी विद्या आली. गेली अकरा वर्षं मी ब्रश, साबण आणि एका पात्याचा रेझर वापरतो आहे. जोर न लावण्याची ही विद्या आपण फार सहज हातची घालवली, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलं आहे.

आधी पाणी. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी पिऊन तो फुगतो, मऊ होतो आणि कमी श्रमात कापला जातो. कोमट पाण्यात याला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा गालावर धरून बसावं. झाडाखाली पोतं अंथरून बसणारे जुने न्हावी साबणाशिवायसुद्धा सुरेख दाढी करायचे. वाटीतल्या गार पाण्यात बोटं बुडवून ते गाल, हनुवटी, गळा इतका वेळ चोळत राहायचे की गिऱ्हाईक पेंगू लागायचं. बघणाऱ्याला वाटे, अजून कामाला सुरुवातच झालेली नाही. खरं तर तेव्हा अर्धं काम उरकलेलं असे.

साबणाचं कामही मुख्यतः हेच, मुरवलेलं पाणी केसांपाशी धरून ठेवायचं आणि पात्याला सरकायला वाट करून द्यायची. दाढीचा साबण अंघोळीच्या साबणाहून वेगळा असतो तो यासाठी. त्यात स्टिअरिक ॲसिड जास्त असतं, सोड्याच्या जोडीला पोटॅश असतं, त्यामुळे फेस दाट होतो आणि लवकर वाळत नाही. नवशिक्याचा फेस नेहमी फसवा निघतो. ढगासारखा फुगतो, पाणी त्यात नसतंच, आणि मिनिटभरात गालावर पापुद्रा धरतो. फेस घट्ट दह्यासारखा हवा, ब्रश उचलल्यावर टोक उभं राहील आणि तरी चकाकेल असा. त्यासाठी ब्रशनं साबण घेतला की थेंबथेंब पाणी घालत गालावर गोल गोल फिरवत राहावं लागतं. ओला ब्रश कोमट असतो, त्याचे केस खुंटांमधून शिरतात, चंदनाचा वास हळूहळू वर येतो. दिवसातलं एवढं निवांत सुख मला दुसरं माहीत नाही आणि ते मिळवायला मी रोज दहा मिनिटं लवकर उठतो.

आता हात. जुन्या घडणीचा रेझर पितळेचा आणि जड असतो. त्यातलं पातं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ. ते गालाशी साधारण ३० अंशांचा कोन करून टेकवायचं आणि मग दाबायचं नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. ऐकायला हे सोपं आहे, पण हाताला पटायला मला तीन महिने लागले, कारण इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या हलक्या रेझरवर जोर देण्याची सवय झालेली होती. पहिला हात केसांच्या कलानं. 'कलानं घेणं' हे आपण माणसांबद्दल म्हणतो; दाढीत त्याचा अगदी शब्दशः अर्थ आहे. केस कुठल्या बाजूला झुकतात ते कोरड्या खुंटांवरून बोट फिरवून आधी पाहावं लागतं. गालावर ते खाली येतात, गळ्यापाशी पुष्कळांना भोवरा असतो, माझ्या जबड्याखाली तर ते कानाकडे तिरके धावतात. पहिल्या हातात सगळं साफ होत नाही आणि व्हायलाही नको. पुन्हा फेस लावायचा, दुसरा हात आडवा. तिसरा, उलटा, ज्याची कातडी सोसेल त्यानंच फिरवावा.

पात्याबद्दलची एक गोष्ट मला सतत आठवत राहते. पात्याचं पोलाद केसाहून जवळजवळ ५० पट कठीण असतं. तरीही काही दाढ्यांत पातं बोथट होतं. असं का, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. धार सावकाश झिजून गोल होत असावी, अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात केस वाकतो, आणि तो जिथे भेटतो तिथे पोलादाची आतली घडण एकसारखी नसेल, तर कडेचे सूक्ष्म कपचे उडतात. केसासारखी मऊ वस्तू पोलादाला फोडते! कठीण असण्याचा भरवसा किती धरावा, याचा तेव्हापासून मी वेगळा विचार करतो.

दाढी झाल्यावर ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरवतात. कातडी आकसते, बारीक ओरखड्यांतलं रक्त थांबतं, हे सर्वांना माहीत आहे. पण तुरटी परीक्षाही घेते. जिथे हात जड पडला असेल तिथे ती झोंबते, भले डोळ्यांना काही दिसत नसो. माझ्या जबड्याचा डावा कोपरा अजून अधूनमधून झोंबतो. घाईच्या सकाळी तर हमखास.

हे सगळं स्वतःच्या चेहऱ्यापुरतं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही अडखळलं. आयुष्यभर पहाटे सहाला आरशासमोर उभा राहणारा माणूस खाटेवर खुंट वाढवून पडून राहिला, आणि त्या वाढलेल्या दाढीनं ते आजाराहून जास्त खचले. आमच्या नेहमीच्या सलूनवाले काकांना बोलावलं. महिनाभर दर रविवारी ते घरी आले, मग गावी जायची वेळ आली तेव्हा मला शेजारी उभं करून म्हणाले, "दादा, पातं ओढू नका. कातडी ताणा, पातं आपोआप जातं."

पुढची दाढी मी केली. चाळीस मिनिटं लागली. उजवा गाल त्यांना फुगवता येत नव्हता, म्हणून कानापाशी अंगठा रोवून कातडी वर ओढायची. गळ्याच्या वळ्या खाली, गळपट्टीच्या हाडाकडे ताणून सपाट करायच्या. ओठाखाली एक काप गेलाच. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की आपल्या चेहऱ्यावर आपल्याला दोन्हीकडून बातमी मिळत असते; हात सांगतो दाब किती, गाल सांगतो लागलं किती. दुसऱ्याच्या गालावर दुसरी बातमी बंद असते. मग त्यांच्या पापण्यांकडे बघायला शिकलो. पापणी थरथरली की हात उचलायचा. न्हावी दिवसाला वीस-पंचवीस चेहऱ्यांवर ही अर्ध्या बातमीची कसरत करतो, तेही अनोळखी चेहऱ्यांवर, गप्पा मारत, दुकानातल्या रेडिओच्या आवाजात.

एवढ्या मोठ्या कौशल्याला आपल्याकडे मान मात्र कमीच मिळाला. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा घेऊन घरोघर जाई आणि वर्षाच्या धान्यावर गुजराण करी. वस्तऱ्याची धार तो चामड्याच्या पट्ट्यावर, नाहीतर सरळ स्वतःच्या तळहातावर चढवी. पाठ पुढे, धार मागे, आणि वळताना पाठीवरूनच पलटवायचा; चुकीच्या बाजूनं वळला तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. संत सेना महाराजांनी हीच हत्यारं अभंगात नेली आणि आरशाला, चिमट्याला परमार्थाचा अर्थ दिला. आपल्या धंद्याची लाज न बाळगता त्यातूनच देवाशी बोलणारा हा कवी मला फार मोठा वाटतो.

पण हा हलका हात सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. साताऱ्यात लहानपणी बाबासाहेब आंबेडकरांची हजामत त्यांची मोठी बहीण करत असे. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते. अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नव्हतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे थोडक्यात नोंदवलं आहे. मी त्या बहिणीच्या हाताचा विचार करतो. तिला कुणी शिकवलं असेल? भावाच्या डोक्यावरून तो हात किती जपून फिरत असेल?

आणि दुसरीकडे, ज्यांना तो वस्तरा नको होता त्यांच्या डोक्यावरून तो जबरदस्तीनं फिरत होता. उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन होई, पोरवयातल्या मुलींचंसुद्धा. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांची रोजची भाकरी त्या वस्तऱ्यावर होती त्यांनीच तो खाली ठेवला. महाराष्ट्रातल्या वस्तऱ्याच्या इतिहासात याहून अभिमानाचा क्षण माझ्या लेखी नाही.

स्वतःची दाढी स्वतः करावी हा विचार युरोपातही तसा उशिराचा. फ्रान्समधला सुरीकार झां-झाक पेरे यानं १७६९ मध्ये खास या विषयावर पुस्तक लिहिलं, कारण ती शिकून घ्यावी लागणारी कला होती आणि श्रीमंतांची मदार न्हाव्यावर होती. अमेरिकेत किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याला १८९५ मध्ये वापरून फेकून देण्याजोग्या पातळ पात्याची कल्पना सुचली. पण इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल असा कठीणपणा आणता येत नव्हता. ती अडचण विल्यम निकर्सन या अभियंत्यानं सोडवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारनंच रेझर दिले आणि घरच्या घरी दाढी करायची सवय लाखोंना लागली. आपल्याकडे पुढे ठाण्यात सुपरमॅक्सची पाती बनू लागली आणि ती खेड्यातल्या टपरीवरही मिळू लागली. या स्वस्त पात्याचं मोल इथे वेगळं आहे, असं मला वाटतं. ज्या चेहऱ्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता त्या चेहऱ्याला आता कुणाच्या परवानगीची गरज राहिली नाही.

पुढे पाती वाढत गेली. १९७१ मध्ये दोन, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. रेझरचं डोकं वळू लागलं, पट्टीतून वंगण सुटू लागलं. हेतू एवढाच की कितीही दाबा, कितीही घाई करा, काप जाऊ नये. घाई असणाऱ्याला मी दोष देणार नाही. लोकल पकडायची असते. पण पहिलं पातं केस उचलतं, मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं, आणि कुरळ्या केसाचं टोक आतच वळून रुततं. माझ्या गळ्यावर अशा उलट्या केसांच्या लाल पुळ्या वर्षानुवर्षं होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि वर सांगितलं, "एक पातं वापरा, दाबू नका." पुळ्या दोन महिन्यांत गेल्या.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर सुट्टीचा दिवस निवडा. ब्रश महागडा लागत नाही. पाती वेगवेगळ्या कंपन्यांची दोन-दोन घेऊन पाहा, प्रत्येकाच्या दाढीला वेगळं पातं मानवतं. चार-पाच दाढ्यांनंतर ते बदला आणि कचऱ्यात सुटं टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचे हात उघडे असतात. एखाद्या डब्याला फट पाडून त्यात साठवा. पहिले दोन आठवडे गळ्यावर उलटा हात अजिबात फिरवू नका. तुरटी जवळ ठेवा आणि ती कुठे झोंबते ते लक्षात ठेवा. महिना-दोन महिन्यांत हात बसला की घरात, शेजारी, नात्यात ज्याला स्वतःची दाढी करता येत नाही अशा कुणाला तरी विचारा, करून देऊ का. पाणी कोमट घ्या.